दगडापेक्षां वीट मऊ, पण किती ?

दगडापेक्षां वीट मऊ, ही म्हण आपल्याकडे घरोघर चालते. दोन वाइटांपैकीं कमी वाईट असेल तें पतकरावें, एवढाच तिचा व्यवहारांतला अर्थ. तथापि तिच्या पोटांत पदार्थविज्ञानाचा एक प्रश्न दडलेला आहे, त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. वीट दगडापेक्षां मऊ खरी, पण किती मऊ ? आणि दगड म्हणजे तरी कोणता, काळा कीं संगमरवरी ? म्हणीला असले प्रश्न विचारण्याचें कारण नाहीं. परंतु जो मनुष्य रोख पैसे मोजून पोलादाचें हत्यार विकत घेतो त्यानें ते विचारले नाहींत, तर त्याचे पैसे जातात, श्रम जातात, आणि प्रसंगीं डोळाही जातो. आज आम्ही वाचकांचें लक्ष या विषयाकडे वेधूं इच्छितों, तें आम्हांस नुकत्याच आलेल्या एका अनुभवावरून.

कांहीं महिन्यांपूर्वीं आमच्या कचेरींत कपाटांचें काम चालू होतें. सुताराची पटाशी झिजली म्हणून आम्हीं बाजारांतून त्याला नवी आणून दिली. ‘कडक माल आहे, डोळे झांकून न्या’ असें दुकानदारानें सांगितलें, आणि आम्हींही ती डोळे झांकूनच आणली. पहिल्याच दिवशीं सागाच्या गांठीवर तिची धार वळली. परत नेली तेव्हां दुकानदारानें मोठ्या सौजन्यानें दुसरी, अधिक किमतीची पटाशी दिली. तिची धार वळली नाहीं. पण तिसऱ्या दिवशीं तिच्या टोंकाचा टवका उडाला व तो सुताराच्या गालांत घुसला. दोन बोटें वर लागता तर काय झालें असतें हें सांगावयास नकोच. दुकानदाराचें म्हणणें, सुताराचा हात वाईट. सुताराचें म्हणणें, माल वाईट; तीस वर्षें याच हातानें काम केलें, तेव्हां टवका कसा उडाला नाहीं ? दोघेही आपापल्या परीनें प्रामाणिकपणें बोलत होते, आणि म्हणूनच या तंट्याचा निवाडा होईना. शब्दापुढें शब्द उभा होता. तिसरा साक्षीदार नव्हता.

शेवटीं आम्हीं दोन्ही पटाश्या मालाची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेंत नेल्या. तेथल्या तरुणानें त्यांचें पृष्ठ घांसून स्वच्छ केलें, एकेक पटाशी यंत्राच्या बैठकीवर ठेवली, चाक फिरविलें, दांडा ओढला, आणि मिनिटाच्या आंत उत्तर दिलें. पहिली पटाशी रॉकवेलच्या ‘सी’ मापानें ४६, दुसरी ६५. लांकूडकामाच्या चांगल्या पटाशीचें काठिण्य याच मापानें ५८ ते ६२ च्या आसपास असतें. म्हणजे पहिलीला पाणी पुरतें बसलें नव्हतें. आणि दुसरीला पाणी दिल्यावर तिचा ठिसूळपणा काढण्यासाठीं जो दुसरा सौम्य ताव द्यावयाचा, तो कोणीं दिलाच नव्हता. सुताराचा हात निर्दोष ठरला. दुकानदारही लबाड ठरला नाहीं. त्याला ठाऊकच नव्हतें, आणि ज्या घाऊक व्यापाऱ्याकडून त्यानें माल उचलला त्यालाही बहुधा ठाऊक नसावें.

आम्हांस टोंचली ती हीच गोष्ट. सोनें घेतांना आपला ग्राहक कस लावल्याशिवाय घेत नाहीं. सराफाची कसोटी शतकानुशतकें चालत आली, आणि २०२१ सालापासून देशांतील पुष्कळ जिल्ह्यांत दागिन्यांवर शुद्धतेचा हॉलमार्क उठविणें कायद्यानें सक्तीचें झालें. कुलूपबंद पेटींत वर्षानुवर्षें पडून राहणाऱ्या दागिन्याविषयीं इतकी दक्षता, आणि ज्या फाळानें जमीन नांगरावयाची, ज्या कोयत्यानें ऊंस तोडावयाचा, ज्या बेअरिंगवर पिठाची गिरणी फिरावयाची, त्यांच्या बाबतींत मात्र ‘कडक माल आहे’ या तीन शब्दांवर भागवावयाचें ! ही आपल्या बाजाराची मोठी उणीव आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, पूर्वीं काय लोक हत्यारें पारखून घेत नव्हते ? घेत होते. लोहार पाणी दिलेल्या पात्याच्या कडेवरून कानस फिरवी. कानस चावली तर पोलाद मऊ, घसरली तर कानशीइतकें कठीण. ही परीक्षा खरी आहे, आम्ही तिला नांवें ठेवीत नाहीं. चांगल्या कारखान्यांतूनही चटकन् अंदाज घेण्यासाठीं ती अद्यापि करतात. परंतु तिचें उत्तर होय किंवा नाहीं, एवढेंच. कानस किती दाबली, ती नवी होती कीं झिजलेली, यावर तें उत्तर बदलतें. आणि जो हात कानस धरतो त्याच्याबरोबर त्याचें ज्ञानही जातें. तें पत्रांत लिहून नागपूरच्या व्यापाऱ्याला कळवितां येत नाहीं.

ओरखड्यानें काठिण्य ठरविण्याच्या पद्धतीला शास्त्राचें रूप दिलें तें फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें, १८१२ सालीं. त्यानें दहा खनिजें निवडून ओळीनें मांडलीं. पहिलें संगजिरें, नखानें खरवडलें जाणारें, सातवी गारगोटी, नववा कुरुंद, दहावा हिरा. जो ज्यावर ओरखडा पाडील तो त्याहून कठीण. खडक ओळखण्यास ही ओळ आजही उपयोगी पडते. पण हे शर्यतींतल्या घोड्यांचे क्रमांक झाले. पहिला आला तो दुसऱ्याच्या नाकभर पुढें होता कीं मैलभर, हें क्रमांकावरून कळत नाहीं. नववा कुरुंद आणि दहावा हिरा यांमधलें अंतर पहिल्या आणि नवव्यांमधल्या सगळ्या अंतराहून मोठें आहे, हें या ओळीकडे पाहून कोणास सुचेल ? शिवाय व्यापारांतलें बहुतेक सारें पोलाद, खिळ्यापासून कानशीपर्यंत, या ओळीच्या चौथ्या आणि आठव्या पायऱ्यांच्या दरम्यान दाटीवाटीनें बसतें. आमच्या दोन पटाश्यांतला वाद मोसच्या न्यायासनापुढें नेला असता तर दोघींत फरक नेमका किती, हें कळलेंच नसतें.

हा पेंच सुटला तो स्वीडनमध्यें. योहान औगुस्त ब्रिनेल (१८४९–१९२५) हा फागेर्स्ता येथील लोखंडाच्या कारखान्यांतला मुख्य इंजिनियर. पोलाद तापविलें व थंड केलें असतां त्याच्या अंतरंगांत काय घडतें याचा त्यानें वर्षानुवर्षें अभ्यास केला होता, आणि तें करीत असतां त्याला एका साध्या, स्वस्त, कारखान्यांतच करतां येईल अशा परीक्षेची गरज भासली. ती त्यानें १९०० सालीं जगापुढें मांडली. त्याच वर्षीं पॅरिसला भरलेल्या प्रदर्शनांतही ती लोकांनीं पाहिली. कल्पना इतकी सरळ आहे कीं ती आधीं कोणास कशी सुचली नाहीं याचें नवल वाटावें. ओल्या मातींत आंगठा दाबला तर खोल रुततो, सुकलेल्या मातींत कमी रुततो. आंगठ्याच्या जागीं दहा मिलिमीटर व्यासाची, म्हणजे मोठ्या वाटाण्याएवढी, कठीण पोलादी गोळी घ्या. आंगठ्याच्या जोराऐवजीं ३००० किलोचा, म्हणजे तीस क्विंटलांचा, मोजून भार द्या. दहा ते पंधरा सेकंद तो तसाच ठेवा, मग काढा. पोलादावर एक वाटोळा खळगा उमटलेला दिसेल. सूक्ष्मदर्शकांतून त्याचा व्यास मोजा, त्यावरून खळग्याच्या वक्र पृष्ठाचें क्षेत्रफळ काढा आणि भाराला त्यानें भागा. येणारा आंकडा तें ब्रिनेल काठिण्य.

तीन उदाहरणें दिलीं म्हणजे हें मनांत ठसेल. खळग्याचा व्यास ५ मिलिमीटर भरला तर आंकडा १४३ येतो, ४ मिलिमीटर भरला तर २२९, आणि ३ मिलिमीटर भरला तर ४१५. भाराकार दर वेळीं करीत बसावें लागत नाहीं; त्याचें कोष्टक छापलेलें मिळतें, आणि व्याजाचें कोष्टक वाचणाऱ्या कोणाही गुमास्त्याला तें वाचतां येईल. त्याहून मोठा लाभ निराळाच आहे. पोलाद किती ताण सोसेल हें पाहावयाचें तर त्याची कांडी यंत्रांत धरून तुटेपर्यंत ओढावी लागते. म्हणजे माल चांगला होता हें कळतें तेव्हां तो माल उरलेला नसतो. ब्रिनेलचा आंकडा हातीं असला तर, सर्वसाधारण पोलादापुरतें बोलावयाचें झाल्यास, त्याच्या तृतीयांशाहून किंचित् अधिक किलो ताण दर चौरस मिलिमीटरला तें पोलाद सोसतें असा हिशेब बसतो. २२९ आंकडा आला कीं सुमारें ८०. वस्तु न मोडतां तिच्या बळाचा अंदाज मिळाला ! हातचें राखून परीक्षा घेण्याचा याहून चांगला मार्ग क्वचितच असेल. युरोपांत तर रेल्वेच्या रुळांना नांवेंच या मापावरून पडलीं आहेत. आर-२६० असें ज्या रुळाच्या जातीचें नांव, त्यांतले २६० म्हणजे कमींत कमी ब्रिनेल काठिण्य. रूळ घेणारा आणि देणारा यांच्यांत मग ‘कडक’ या शब्दाला जागाच राहत नाहीं.

ब्रिनेलच्या पद्धतीला मर्यादा होत्या. खळगा मोठा पडे, तो भिंगांतून मोजण्यांत वेळ जाई, आणि फार कठीण पोलादावर दाबली तर पोलादी गोळी स्वतःच चपटी होऊं लागे. (आतां गोळी पोलादाची नसून टंगस्टन कार्बाइडची असते, तरीही ६५० च्या पलीकडे ही रीत चालत नाहीं.) या अडचणीशीं रोज गांठ पडली ती अमेरिकेंतील कनेटिकट संस्थानांत, बॉल बेअरिंगें बनविणाऱ्या एका कारखान्यांत. बेअरिंगची कडी लहान, तिला पाणी दिलेलें, आणि अशा हजारों कड्या भट्टींतून निघावयाच्या. भट्टींतल्या एका घाणींत पाणी नीट बसलें कीं नाहीं हें प्रयोगशाळेकडून कळेपर्यंत पुढच्या चार घाण्या बाहेर पडत. ह्यू रॉकवेल व स्टॅन्ले रॉकवेल हे दोघे तेथें कामास होते. आडनांव एक असलें तरी ते भाऊ नव्हेत. त्यांनीं १५ जुलै १९१४ रोजीं एका नव्या यंत्राच्या पेटंटसाठीं अर्ज केला. तें त्यांस ११ फेब्रुवारी १९१९ रोजीं मिळालें.

त्यांनीं केलें काय ? खळग्याची रुंदी मोजण्याचें सोडून खोली मोजली. व्हिएन्नाचा लुडविक यानें शंकू दाबून खोली मोजण्याचा विचार १९०८ सालींच ग्रंथांत मांडला होता. रॉकवेलांनीं तो भट्टीच्या दाराशीं आणून उभा केला. हिऱ्याचा, १२० अंशांच्या कोनाचा, टोंक किंचित् गोलसर असलेला शंकू प्रथम १० किलोच्या हलक्या भारानें टेंकवावयाचा. यामुळें पृष्ठावरचा खडबडीतपणा, यंत्रांतला ढिलेपणा, या सगळ्यांचा हिशेब आधींच चुकता होतो. तराजूचें पासंग काढून घेण्यासारखेंच हें. मग एकूण १५० किलोपर्यंत भार वाढवावयाचा, पुन्हां १० किलोवर आणावयाचा, आणि शंकू कायमचा किती खोल गेला तें पाहावयाचें. प्रत्येक ०.००२ मिलिमीटर खोलीला शंभरांतून एक अंश वजा. ६० आंकडा आला म्हणजे शंकू ०.०८ मिलिमीटर, जवळजवळ एका केंसाच्या जाडीइतका, रुतला. गणित कोणीं करावयाचें नाहीं, कोष्टक पाहावयाचें नाहीं. यंत्राच्या तोंडावर घड्याळासारखी तबकडी असते, तिच्यावर कांटा उत्तर दाखवितो.

या तबकडीचें महत्त्व आम्हांस यंत्रांतल्या हिऱ्याहूनही अधिक वाटतें. तिच्यामुळें परीक्षा पदवीधराच्या हातांतून भट्टीवरच्या कामगाराच्या हातांत आली. आपण केलेलें काम बरोबर झालें कीं नाहीं हें ज्याचें त्याला, त्याच वेळीं, कोणा साहेबाच्या मर्जीवर न राहतां कळूं लागलें. घाण बिघडली तर ती तेथल्या तेथें पुन्हां तापवितां येऊं लागली. कामगाराच्या स्वाभिमानाच्या गोष्टी आपल्याकडे सभांतून पुष्कळ बोलल्या जातात. एका तबकडीनें त्याची जी सोय केली ती कित्येक ठरावांनीं झालेली नाहीं.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतां येण्याजोगा आहे. इंग्लंडांत विकर्सच्या कारखान्यांत स्मिथ व सँडलंड या दोघांनीं १९२०–३० या दशकाच्या आरंभीं गोळीऐवजीं हिऱ्याचा चौकोनी मनोरा घेतला. त्याच्या समोरासमोरच्या बाजूंमधला कोन त्यांनीं १३६ अंश ठेवला, तोही उगाच नव्हे. ब्रिनेलच्या गोळीचा खळगा मध्यम आकाराचा पडला असतां त्याच्या कडांवरून ज्या स्पर्शरेषा निघतात त्यांच्यामध्यें तोच कोन असतो. नव्या पद्धतीनें जुन्या पद्धतीशीं नातें राखलें, ही गोष्ट आम्हांस फार आवडली. या मनोऱ्यानें शिशापासून अतिकठीण पोलादापर्यंत सर्व कांहीं एकाच मापावर बसतें. १९३९ सालीं वॉशिंग्टनच्या सरकारी प्रमाणसंस्थेंत नूप यानें लांबट ठशाचें टोंक काढलें, तें कांच व पातळ थर यांसाठीं. आज तर डोळ्यांस न दिसणारे ठसे पाडून यंत्र भार व खोली या दोहोंची एकदमच नोंद ठेवतें. पण आमच्या बाजाराचें काम पहिल्या तीन पद्धतींत भागण्यासारखें आहे.

आतां एक धोक्याची सूचना. आंकडा आला म्हणजे सत्य आलें, असें समजणारा मनुष्य आंकडा न मागणाऱ्यापेक्षांही लवकर फसतो. आमच्या वडीलधाऱ्या व्यापाऱ्यांना जुन्या वजनांची कहाणी ठाऊक असेल. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगाली मण ८२ पौंडांहून अधिक. ‘दहा मण माल पाठवितों’ एवढेंच पत्र आलें तर कोणता मण, हें विचारल्याशिवाय शहाणा अडत्या सौदा करीत नसे. हा घोळ मिटविण्यासाठीं १९५६ सालीं वजनमापांचा कायदा करून सर्व देशांत एक माप आणावें लागलें. काठिण्याच्या बाबतींत असे मण अनेक आहेत, आणि ते मोडून एक करतां येण्यासारखे नाहींत. कारण गोळी, शंकू व मनोरा हे निरनिराळ्या रीतीनें रुततात. रॉकवेल ‘सी’ मापाचे ६० म्हणजे बेअरिंगचें पोलाद. रॉकवेल ‘बी’ मापाचे ६०, जेथें शंकूऐवजीं लहान गोळी व १०० किलोचा भार असतो, म्हणजे मऊ पोलादी पत्रा. एका मापाचा आंकडा दुसऱ्यांत बदलण्याचीं कोष्टकें छापलेलीं असतात, पण तीं अंदाजाचीं आहेत. एका जातीच्या पोलादासाठीं केलेलें कोष्टक पितळेला लावलें तर उत्तर हास्यास्पद येतें. आमच्या पाहण्यांत मालाबरोबर आलेले असे दाखले आहेत कीं ज्यांवर ‘हार्डनेस ५५’ एवढींच अक्षरें. कोणतें माप, कोणता भार, वस्तूच्या कोणत्या जागीं, किती ठसे, केव्हां, कांहीं नाहीं. एका दाखल्याची तर तारीख मालाच्या आधीं दोन वर्षांची होती. असा कागद दाखला नव्हे. तो नुसता ‘कडक माल’ हा शब्द टंकलेखन करून पाठविलेला आहे.

दुसरी चूक याहून खोल रुजलेली आहे. ती म्हणजे जितकें कठीण तितकें चांगलें, ही समजूत. आमच्या दुसऱ्या पटाशीनें ती खोटी पाडली. काठिण्य वाढलें कीं बहुधा चिवटपणा घटतो. कानस अतिशय कठीण असते. तिच्यानें कुलूप उचकटण्याचा प्रयत्न करा, ती कांचेसारखी मोडेल. हातोडीच्या तोंडाला म्हणून बेतानेंच पाणी देतात, आणि हातोडीवर हातोडी कधीं मारूं नये असें जाणते कारागीर उमेदवारांना बजावतात. कठीण तोंडावर कठीण तोंड आपटलें तर उडणारा टवका गोळीसारखा येतो. भारतीय मानकांत हातोडीसारख्या साध्या हत्यारालाही काठिण्याच्या मर्यादा घालून दिल्या आहेत त्या याचसाठीं. यंत्रांतल्या दांतेरी चाकाची युक्ति आणखी निराळी. त्याचे दांत वरून कठीण आणि आंतून मऊ ठेवतात, म्हणजे घासून झिजत नाहींत आणि धक्क्यानें मोडतही नाहींत. फणसाची बायको म्हणावी अशी ही रचना. फक्त वरच्या कठीण सालीची जाडी पुष्कळदां मिलिमीटरभरही नसते. तिच्यावर ब्रिनेलचे तीस क्विंटल घातले तर गोळी साल फोडून गरांत शिरते आणि चांगल्या चाकाला नापास करते. तेथें हलक्या भाराचा मनोराच हवा. परीक्षाही पात्र पाहून घ्यावी लागते, ती अशी.

आमच्या कांहीं व्यापारी मित्रांनीं यावर जे आक्षेप घेतले ते येथें नमूद करणें न्याय्य होईल. पहिला असा कीं, ठशामुळें मालाला डाग लागतो व गिऱ्हाईक तो घेत नाहीं. हा आक्षेप आम्हांस पटत नाहीं. हॉलमार्कसाठीं सोन्याला चटका बसतो, तेव्हां कोणी कुरकुरत नाहीं. आणि केंसाएवढ्या खोल टिंबाला खोट समजणारें गिऱ्हाईक तें टिंब कशाचें हें सांगितल्यावरही नाराज राहील, असें मानण्यास आधार काय? दुसरा आक्षेप खर्चाचा. तो खरा आहे. लहान दुकानदाराला यंत्र परवडणार नाहीं. त्याचा विचार पुढें करूं. तिसरा आक्षेप मात्र आम्हीं फार काळजीपूर्वक ऐकला. तो असा कीं, हें आंकड्यांचें खूळ आलें म्हणजे आमच्या गांवचा लोहार मरेल.

आमचें मत नेमकें उलट आहे. आज जो लोहार मरत आहे तो आंकड्यानें नव्हे, आंकडा नसल्यानें. त्यानें केलेली कुऱ्हाड पुष्कळदां बाजारांतल्या चकचकीत मालापेक्षां सरस असते. पण तें सिद्ध करण्यास त्याच्याजवळ काय आहे? चकचकीत मालाला रंग आहे, खोकें आहे, जाहिरात आहे. लोहाराजवळ केवळ बापानें शिकविलेला पाण्याचा रंग ओळखण्याचा डोळा आहे, आणि तो डोळा गिऱ्हाइकाला दिसत नाहीं. त्याच्या कुऱ्हाडीवर एक प्रामाणिक आंकडा उमटला तर ती शेजारच्या खोक्यांतल्या कुऱ्हाडीशीं बरोबरीच्या नात्यानें बोलूं लागेल; आणि कमी भरली, तर कोठें कमी हें त्यालाही कळेल. तें ज्ञान एका घराण्याच्या भात्यापाशीं कोंडून न राहतां ज्या कोणा मुलाला शिकावयाचें असेल त्याच्या हातीं येईल, हा त्यांतला आणखी एक लाभ. तो आम्ही लहान मानीत नाहीं.

राहिला खर्च. त्यावर आमची सूचना अशी. ज्या ज्या पेठेंत लोखंडाचा व अवजारांचा व्यापार आहे तेथें धर्मकांटा असतोच. माल कोणाचाही असो, चार पैसे देऊन तोलून घ्यावा. विकणारा व घेणारा दोघेही तें वजन मानतात. त्याच धर्तीवर व्यापारी मंडळानें काठिण्याचा धर्मकांटा ठेवावा. एक साधें रॉकवेल यंत्र, एक घांसण्याचें चाक, एक शिकलेला माणूस आणि एक वही, एवढ्यावर आरंभ होईल. यंत्र खरें बोलतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ज्ञात काठिण्याच्या प्रमाणित ठोकळ्या विकत मिळतात. रोज सकाळीं दुकान उघडतांना त्यांपैकीं एकीवर ठसा उठवून आंकडा वहींत मांडावा, आणि ती वही कोणासही पाहूं द्यावी. देशांतल्या काठिण्यमापनाचें मूळ प्रमाण दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत राखलेलें आहे. ठोकळ्या घेतांना त्यांच्या दाखल्याची परंपरा तेथपर्यंत किंवा तशाच मान्य संस्थेपर्यंत पोंचते ना, एवढें मंडळानें पाहावें.

काम करणारानें पाळावयाचे नियम फार नाहींत, पण ते पाळलेच पाहिजेत. तापविलेल्या पोलादाच्या वरच्या पापुद्र्यांतला कर्ब जळून तो मऊ झालेला असतो. तो न घांसतां ठसा घेतला तर चांगला माल वाईट ठरतो. घांसतांना माल तापूं देऊं नये, नाहीं तर पाणी उतरतें आणि आपणच केलेला बिघाड आपण मोजतों. वस्तूची जाडी ठशाच्या खोलीच्या निदान दहापट असावी, म्हणजे शंकूला खालच्या बैठकीचा कठीणपणा लागत नाहीं. एका ठशाला लागून दुसरा घेऊं नये. पहिल्यानें आजूबाजूचें पोलाद दाबून अधिक कठीण केलेलें असतें. आणि एका ठशावर निकाल देऊं नये, तीन घ्यावे, तिन्ही लिहावे. तिघांत फार फरक पडला तर सरासरी काढून तो झांकूं नये, कारण तोच फरक पाणी सारखें बसलें नसल्याची बातमी देत असतो.

आमच्या दुकानदाराची हकीकत सांगावयाची राहिली. प्रयोगशाळेचा कागद दाखविला तेव्हां तो प्रथम रागावला, मग गप्प झाला. आठवड्यानें त्याचा निरोप आला कीं, एकदां येऊन जा. त्यानें आपल्याच मांडणीवरच्या सहा पटाश्या त्याच प्रयोगशाळेंत नेऊन तपासून आणल्या होत्या. चार मर्यादेंत भरल्या, दोन घाऊक व्यापाऱ्याकडे परत गेल्या, आणि त्यासोबत मोजमापाची नक्कल. उरलेल्या चारांपैकीं एक सुतारानें घेतली. तिच्या पात्याच्या वरच्या अंगाला तीन बारीक टिंबें आहेत. दुकानदारानें खोक्यावर शाईनें ‘रॉकवेल सी ६०, ६०, ६१’ असें लिहून दिलें, आणि पंचवीस रुपये जास्त घेतले. सुतारानें ते तक्रार न करतां दिले.